सहा फुटांचा एक इंच

दुसऱ्या महायुद्धांतील ‘स्पिटफायर’ हें लढाऊ विमान पंखाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत ३६ फूट १० इंच रुंद होतें. अशा विमानाची तळहातावर मावेल एवढी प्रतिकृति करावयाची आणि ती रंगवावयाची, ह्या छंदाविषयीं मी आज बोलणार आहें. विषय ऐकून कांहीं श्रोते मनांत म्हणतील, इतिहासाच्या मास्तरांना दुसरें कांहीं सुचलें नाहीं काय? हा तर पोरखेळ! माझें म्हणणें असें कीं, ह्या पोरखेळाला एक गंभीर आणि कांहींसा करुण इतिहास आहे; आणि जो कोणी हें काम मन लावून करतो, त्याला तें करतां करतां इतिहासकाराचाच एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. तो कोणता, तें ओघानें येईलच.

बाजारांत अशा विमानांच्या सुट्या भागांचीं जीं खोकीं मिळतात, त्यांतील पुष्कळांवर ‘१:७२’ असा आंकडा छापलेला असतो. आंकडा मोठा चमत्कारिक वाटतो. शंभरास एक नाहीं, पन्नासास एक नाहीं, बहात्तरच कां? परंतु ज्यांनीं तो रूढ केला ते फूट-इंचांत विचार करणारे लोक होते. एका फुटाचे १२ इंच, सहा फुटांचे ७२. म्हणजे प्रतिकृतींतला एक इंच हा खऱ्या विमानांतील सहा फुटांबरोबर झाला. सहा फूट उंचीचा धिप्पाड मनुष्य ह्या जगांत बरोबर एक इंचाचा होतो, आणि आपलें स्पिटफायर सहा इंचांहून किंचित् अधिक भरतें. १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत लंडनच्या ‘स्कायबर्ड्‌स’ नांवाच्या संचांनीं हें प्रमाण लोकप्रिय केलें. जेम्स हे स्टीव्हन्स ह्या गृहस्थांची ती योजना. संच म्हणजे तरी काय, तर लांकडाचे ठोकळे आणि थोडे धातूचे भाग. चाकू, कानस व काचकागद घेऊन बाकीचें आपण करावयाचें. पुढें १९३६ सालीं ‘फ्रॉग’ ह्या नांवानें विमानें विकणाऱ्या कारखान्यानें साच्यांतून काढलेल्या प्लॅस्टिकच्या भागांचे संच काढले आणि त्यांना ‘पेंग्विन’ असें नांव दिलें. कारखान्याचीं आधींचीं विमानें खरोखर उडत असत. हीं उडणारीं नव्हेत, म्हणून न उडणाऱ्या पक्ष्याचें नांव! इंग्रजांची विनोदबुद्धि अशी कोठेंही डोकावते.

येथपर्यंत हा खेळच होता. त्याचें युद्धसाधन कसें झालें, हें समजण्यास ६ सप्टेंबर १९३९ ह्या दिवसाकडे वळलें पाहिजे. इंग्लंडनें जर्मनीशीं युद्ध पुकारल्याला अवघे तीन दिवस झाले होते. सकाळीं इसेक्सच्या बाजूस शत्रूचीं विमानें येत असल्याचा इशारा मिळाला. तो खोटा होता. नॉर्थ वील्डच्या तळावरून ५६ व्या तुकडीचीं ‘हरिकेन’ विमानें वर गेलीं. रेडारच्या यंत्रणेची त्या वेळीं पुरती घडी बसलेली नव्हती. आपलींच विमानें तिला परकीं भासलीं, आणि त्यांच्यावर आणखी विमानें सोडण्यांत आलीं. हॉर्नचर्चहून निघालेल्या ७४ व्या तुकडीच्या स्पिटफायरांनीं समोर दोन विमानें पाहिलीं, तीं जर्मन समजून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि दोन हरिकेनें खालीं आलीं. एकाचा वैमानिक वाचला. दुसरा, पायलट ऑफिसर माँटेग्यू हल्टन-हॅरॉप, ठार झाला. ब्रिटिश लढाऊ विमानदळाचा त्या युद्धांत मारला गेलेला हा पहिला वैमानिक. आणि त्याला मारणारें विमान जर्मन नव्हतें, स्पिटफायर होतें. गोळ्या झाडणाऱ्या दोघांवर लष्करी न्यायालयांत खटला झाला व ते निर्दोष सुटले. लोकांनीं ह्या प्रकाराला ‘बार्किंग क्रीकची लढाई’ असें उपरोधिक नांव दिलें.

दोष कोणाचा, ह्याचा काथ्याकूट मला करावयाचा नाहीं. हिशेब मात्र करून पाहावा. ताशीं ३०० मैल वेगानें येणारें विमान अर्ध्या मैलाचें अंतर सहा सेकंदांत तोडतें. तेवढ्या अवकाशांत हा आपला कीं परका, हें ठरवावयाचें. विमानावरील चिन्हें अर्ध्या मैलावरून दिसत नाहींत. दिसते ती केवळ आकृति, आणि तीही समोरून, बाजूनें, पोटाखालून, वळतांना, कशीही. कागदावरील चित्र एकाच बाजूचें असतें. तेव्हां डोळ्याला शिक्षण द्यावयाचें तर हातांत धरून फिरवितां येईल अशी वस्तूच हवी. अशा रीतीनें खेळण्याच्या दुकानांतील विमान सैनिकांच्या वर्गांत आलें.

ह्या कामाचा सर्वांत मोठा व्याप अमेरिकेनें मांडला. १९४२ च्या आरंभीं तेथील नौदलानें सरकारी शिक्षणखात्याच्या मार्फत देशांतील शाळांना आवाहन केलें, कीं आम्हांला पांच लाख विमानें करून द्या! पन्नास प्रकारचीं विमानें, प्रत्येकाच्या दहा हजार प्रतिकृति. प्रमाण तेंच, १:७२. नौदलाकडून नकाशे आले आणि शाळांच्या सुतारकामाच्या वर्गांतून मुलांनीं लांकूड तासावयास आरंभ केला. हीं विमानें सरसकट काळीं रंगविलेलीं असत, कारण उजळ आकाशासमोर दूरचें विमान काळी छाया म्हणूनच दिसतें. प्रमाणाचा उपयोग येथें कळतो. हें विमान ३५ फुटांवर टांगलें तर तें खरें विमान ३५ गुणिलें ७२, म्हणजे २५२० फुटांवर, जवळजवळ अर्ध्या मैलावर, जेवढें दिसेल तेवढें दिसतें. साधारण मोठ्या खोलीच्या एका टोंकास शिक्षक विमान घेऊन उभा राहिला कीं दुसऱ्या टोंकास बसलेल्या तोफवाल्याला अर्ध्या मैलावरचें आकाश मिळालें. ह्याहून स्वस्त शाळा जगांत निघाली नसेल.

मी आयुष्यभर मास्तरकी केली. हस्तव्यवसायाच्या तासाला मुलांनीं केलेल्या वस्तूंचें पुढें काय होतें, हें मला ठाऊक आहे. त्या वर्षाअखेर कपाटावर धूळ खातात. येथें बारा-चौदा वर्षांच्या मुलानें पंखाचें टोंक जरा चुकीचें घासलें, तर कोठल्यातरी जहाजावरील तोफवाला एका विमानाची खोटी आकृति शिकून बसणार होता. म्हणून प्रत्येक नग तपासला जाई आणि नापासही होई. मुलांच्या हातून जगांत इतकें जबाबदारीचें काम क्वचितच घेतलें गेलें असेल. पुढें कारखान्यांतून प्लॅस्टिकच्या प्रतिकृति झपाट्यानें निघूं लागल्या आणि मुलांचें काम संपलें. पण प्रमाण मात्र कायम राहिलें. युद्ध संपल्यावर ‘एअरफिक्स’ आदि कंपन्यांनीं तेंच १:७२ उचलून घरोघर पोंचविलें.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. इतिहास येथें बोटांनाच लागतो. हरिकेन आणि स्पिटफायर हीं समकालीन विमानें. पहिलें ६ नोव्हेंबर १९३५ रोजीं उडालें, दुसरें ५ मार्च १९३६ रोजीं. पण प्रतिकृति घासतांना दोघांमध्यें एका पिढीचें अंतर असल्यासारखें वाटतें. सिडनी कॅम ह्यांच्या हरिकेनचा पाठीमागचा अर्धा भाग म्हणजे धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लांकडी पट्ट्या आणि वरून ताणलेलें कापड. त्या पट्ट्यांचे उंचवटे कापडाखालून स्पष्ट दिसतात आणि प्रतिकृतींतही ते दिसलेच पाहिजेत. कापडाला भोंक पडलें तर तळावरच ठिगळ लावून विमान पुन्हां लढावयास जाई. आर. जे. मिचेल ह्यांचें स्पिटफायर ह्याच्या उलट. अंगभर पातळ धातूचा पत्रा, तोच सांगाड्याबरोबर भार पेलणारा, आणि पंख लंबवर्तुळाच्या आकाराचे. ते बनविण्यास कठीण व दुरुस्त करण्यास वेळखाऊ. मिचेल १९३७ सालीं कर्करोगानें वारले. आपल्या विमानाचा पराक्रम पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. १९४० च्या लढाईंत हरिकेनांची संख्या अधिक होती, हें विसरूं नये. कीर्ति देखण्याला मिळाली, एवढेंच.

नवशिक्याची एक खोड येथेंच सांगून टाकतों. पत्र्यांचे सांधे दाखविण्यासाठीं तो टोंकदार सुईनें खोल रेघा ओढतो. रेघ अर्धा मिलिमीटर रुंद झाली, तर ७२ पटींनीं ती ३६ मिलिमीटर होते. म्हणजे खऱ्या विमानाच्या पत्र्यांत दीड इंचाची फट! असें विमान घेऊन कोण वर जाईल? त्यापेक्षां कठीण शिसाच्या पेन्सिलीनें पुसट रेघ ओढावी, तीच खरी दिसते.

सांधे जुळले, लुकण भरून घासून झालें, कीं मग रंग. ह्या छंदांतील खरी मौज आणि खरी भांडणें येथें सुरू होतात. स्पिटफायर कोणत्या रंगाचें होतें, असें विचारलें तर पुष्कळजण सांगतील, वरून हिरवें व मातकट, खालून फिकट. उत्तर चूक नाहीं, पण अपुरें आहे. युद्धाच्या आरंभीं ह्या विमानांचें पोट अर्धें काळें व अर्धें पांढरें असे. जमिनीवरील निरीक्षकांना आपलें विमान ओळखूं यावें, म्हणून हा विदूषकी पोशाख. १९४० च्या मे महिन्यांत बाजूच्या वर्तुळाकार चिन्हाभोंवतीं पिवळें कडें आलें आणि शेपटीच्या उभ्या पडद्यावर तिरंगी पट्टे आले. जूनमध्यें पोटाचा काळा-पांढरा रंग जाऊन ‘स्काय’ नांवाचा फिकट हिरवट रंग देण्याचा हुकूम निघाला. नोव्हेंबरच्या अखेरीस शेपटीजवळ त्याच फिकट रंगाचा पट्टा आला, पंख्याचें टोंक त्याच रंगाचें झालें, आणि डाव्या पंखाची खालची बाजू पुन्हां काळी झाली. ती पुढील एप्रिलपर्यंत. ऑगस्ट १९४१ मध्यें मातकट रंग काढून त्या जागीं समुद्री करडा आला, कारण लढाई आतां इंग्लंडच्या शेतांवरून सरकून खाडीवर आणि फ्रान्सवर गेली होती. तो करडा रंग वेळेवर पुरेना, तेव्हां सात भाग मध्यम करड्यांत एक भाग काळा मिसळून काम भागवावें, असें ठरलें. अवघ्या सव्वा वर्षांत इतके पोशाख! आणि प्रत्येक पोशाखामागें एक भीति किंवा एक टंचाई उभी आहे.

त्या ‘स्काय’ रंगाची एक गोष्ट आपल्या देशाशीं जोडलेली आहे. सिडनी कॉटन नांवाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक ब्रिटिशांसाठीं हेरगिरीचीं छायाचित्रें घेत असे. असें सांगतात कीं, लंडनजवळच्या हेस्टनच्या विमानतळावरून जोधपूरच्या महाराजांचें खाजगी विमान उडतांना त्यानें पाहिलें. विमानाचा रंग बदकाच्या अंड्यासारखा फिकट हिरवा होता, आणि थोडें वर जातांच तें आकाशांत जणूं विरघळून गेलें. कॉटननें तसाच रंग तयार करवून आपल्या विमानांस दिला आणि त्याला ‘कॅमोटिंट’ असें नांव ठेवलें. लढाऊ विमानांचा ‘स्काय’ त्याच्यापासूनच आला. राजस्थानच्या एका राजाची हौस इंग्लंडच्या शेंकडों विमानांच्या पोटाखालीं जाऊन बसली! तयार रंग मात्र १९४० च्या उन्हाळ्यांत पुरेसा मिळाला नाहीं. प्रत्येक तळावर हाताशीं असलेल्या डब्यांतून मिसळून काम चाललें. म्हणून त्या काळांतील विमानांचीं पोटें कोठें हिरवट, कोठें निळसर अशीं होतीं. डबीवर ‘स्काय’ असें छापलेलें पाहून निश्चिंत होणाऱ्यानें हें लक्षांत ठेवावें.

तेव्हां कुंचला उचलण्यापूर्वीं विचारावयाचा प्रश्न हा, कीं कोणतें विमान, आणि कोणता दिवस? ‘स्पिटफायर’ रंगवितां येत नाहीं. अमुक क्रमांकाचें, अमुक तुकडीचें, अमुक तारखेचें स्पिटफायरच रंगवितां येतें. आम्ही शाळेंतून इतिहास शिकविला तो सनावळींचा. ‘१९४० सालीं ब्रिटनची लढाई झाली’ असें फळ्यावर लिहिलें कीं आमचें काम झालें. ह्या छंदांतल्या मुलाला १९४० हें साल उपयोगाचें नाहीं. त्याला महिना हवा, शक्य तर तारीख हवी.

पुरावा कोठून आणावयाचा? छायाचित्रांतून. पण तीं बहुतेक काळीं-पांढरीं, आणि छायाचित्र खोटें बोलत नाहीं ही समजूत भाबडी आहे. त्या काळीं प्रचारांत असलेल्या एका जातीच्या फिल्मवर तांबडा रंग काळा उमटे, पिवळा गडद उमटे आणि निळा मात्र फिकट. चिन्हाभोंवतींचें झळझळीत पिवळें कडें अशा चित्रांत काळसर दिसतें, आणि पाहणारा बिचारा त्याला भलताच रंग समजतो. पुराव्याचा स्वभाव ओळखल्यावांचून पुरावा वाचूं नये, हा धडा मी वर्गांत बखरींच्या संदर्भांत देत असें. तो येथें रंगाच्या डबीपाशीं मिळतो.

दुसरें एक भांडण असें. खऱ्या विमानाचाच रंग मिळाला, तरी तो प्रतिकृतीला तसाच द्यावा काय? हातांतली वस्तु आपण एका फुटावरून पाहतों, म्हणजे खरें विमान ७२ फुटांवरून पाहिल्यासारखें. मधल्या हवेनें रंग थोडे फिके आणि करडे होतात, म्हणून रंगांत किंचित् पांढरा मिसळावा, असें एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, खरा रंग तो खरा. डोळ्यांशीं तडजोड नको. मी पहिल्या पक्षाचा. निव्वळ गडद हिरवा दिलेलें छोटें विमान खेळण्यासारखें दिसतें. रंग पातळ करून दोन-तीन हात द्यावेत, आधीं फिकट रंग व मग गडद, आणि मागला हात पुरता वाळल्याशिवाय पुढला देऊं नये. घाई केली कीं खालचा रंग उकलतो. सुतारांना व मुलांना हें सांगावें लागत नाहीं. शिकलेल्या प्रौढांनाच सांगावें लागतें.

आतां पूर्वेकडे यावें, कारण आपल्या वैमानिकांचीं विमानें तेथें होतीं. ब्रिटिशांच्या चिन्हाच्या मध्यभागीं तांबडा गोल असे. जपानचें चिन्ह म्हणजे नुसता तांबडा गोल. दूरवरून, घाईंत, विमान वळत असतां, दिसतो तो तांबडाच. बार्किंग क्रीकची पुनरावृत्ति रोज व्हावयाची. म्हणून अमेरिकनांनीं १९४२ सालीं आपल्या चिन्हांतील तांबडा ठिपका काढला, आणि भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश व भारतीय विमानांवरूनही तांबडा रंग हद्दपार झाला. गडद निळ्या वर्तुळांत फिकट निळें वर्तुळ, एवढेंच चिन्ह उरलें. १९४४ सालीं इंफाळला वेढा पडला असतां भारतीय विमानदळाची पहिली तुकडी अर्जनसिंग ह्यांच्या हाताखालीं हरिकेन विमानांतून शत्रूची टेहळणी करीत होती. त्या कामगिरीबद्दल अर्जनसिंगांना त्याच वर्षीं डी. एफ. सी. हें पदक मिळालें. पुण्या-मुंबईच्या एखाद्या मुलानें त्यांचें हरिकेन करावयास घेतलें आणि खोक्यांतील चिन्हांचा कागद तसाच चिकटवून मधोमध तांबडा गोल ठेवला, तर त्यानें इंफाळवर असें विमान पाठविलें, कीं ज्यावर आपलेच लोक गोळी झाडतील. स्वातंत्र्यानंतर कांहीं काळ आपल्या विमानांवर अशोकचक्र होतें आणि पुढें ध्वजाचे तीन रंग वर्तुळांत आले. तीं विमानें करणाऱ्यानेंही तारीख विचारावी.

मुंबईकरांना आणखी एक विषय सुचवितों. युद्धकाळांत ५००० पौंडांची देणगी म्हणजे एक स्पिटफायर, असा ठोकताळा ठरला होता आणि साऱ्या साम्राज्यांतून अशा देणग्या गोळा झाल्या. देणग्यांची दखल म्हणून तुकड्यांना प्रांतांचीं व संस्थानांचीं नांवें दिलीं गेलीं. १२२ वी तुकडी ‘बॉम्बे’ आणि १३२ वी ‘सिटी ऑफ बॉम्बे’. दोहींनीं स्पिटफायर वापरलीं. मुंबईच्या नांवाचीं विमानें स्कॉटलंडच्या थंडींत उभीं होतीं, ही गोष्ट मुंबईंत किती जणांना ठाऊक आहे?

शेवटीं एका विमानाविषयीं सांगतों, कारण कोणतें विमान करावें असें मला विचारलें तर मी हेंच सांगेन. त्याचा क्रमांक पी ७३५०. १९४० च्या उन्हाळ्यांत तें कॅसल ब्रॉमविचच्या कारखान्यांतून बाहेर पडलें. ऑक्टोबरमध्यें तें ६०३ व्या तुकडींत होतें. त्या महिन्याच्या २५ तारखेस लुडविक मार्टेल हा पोलिश वैमानिक तें घेऊन गेला असतां जर्मन गोळ्यांनीं तें विंधलें गेलें. जखमी मार्टेलनें हेस्टिंग्जजवळ तें कसेंबसें उतरविलें. त्या दिवशीं त्याच्या शेपटीजवळ फिकट पट्टा नव्हता, डावा पंख खालून काळा नव्हता. हे दोन्ही हुकूम महिनाभरानें निघाले. युद्धानंतर १९४८ सालीं तें २५ पौंडांना मोडींत विकलें गेलें. घेणाऱ्यांना त्याची योग्यता कळली व त्यांनीं तें विमानदळाला परत दिलें. पुढें १९६८ सालीं एका चित्रपटासाठीं त्याला पुन्हां उडतें केलें. ब्रिटिश विमानदळाच्या स्मारक-तुकडीनें तें जपलें आहे, आणि मोठी दुरुस्ती झाली कीं त्याला कोण्या दुसऱ्याच विमानाचे रंग व अक्षरें देण्याची तेथें चाल आहे. म्हणजे खरें विमान दुसऱ्याच्या कपड्यांत वावरतें, आणि २५ ऑक्टोबर १९४० चे त्याचे स्वतःचे रंग पाहावयाचे तर ते कोणीतरी टेबलावर रंगविलेल्या सहा इंचांच्या विमानावर पाहावे लागतात. गोळ्यांच्या भोंकांवर त्या वेळीं मारलेलीं ठिगळें मात्र त्या रंगाखालीं पंखावर तशींच आहेत.